लस घेणारे, लस टाळणारे आणि आपली लेकरे



कोरोनाची साथ ओसरून आता काही वर्षे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोंडावरचे मास्क उतरले, बंद पडलेल्या गाड्या सुरू झाल्या, शाळा भरल्या. पण लशीवरचा वाद आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. कुठे एखादा तरुण मुलगा क्रिकेट खेळताना कोसळला, की चाळीत लगेच बोलले जाते, "लशीचाच परिणाम, दुसरं काय!" एकाच घरात बाप म्हणतो, दोन डोस घेतले म्हणून मी वाचलो, आणि मुलगा मोबाईल पुढे करून म्हणतो, हे बघा बाबा, लस घेतलेले कसे मरतायत.

हा वाद केवळ मागच्या गोष्टींचा असता, तर त्यावर या सदराची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. पण हल्ली वस्तीत फिरताना मला तरुण आया भेटतात. बाळ नऊ-दहा महिन्यांचे असते, गोवराची लस द्यायची असते, आणि आई म्हणते, "नको दादा, कोरोनाच्या सुईचं बघितलंय ना सगळ्यांनी. माझ्या लेकराला नको." म्हणजे भांडण मोठ्यांचे आणि त्याची किंमत पाळण्यातल्या लेकराने मोजायची! म्हणून आज हा विषय घेतला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. कॉमर्स शिकलेला, कचेरीत हिशेब लिहिणारा कारकून आहे. जमा बाजू आणि खर्चाची बाजू समोरासमोर मांडायची आणि मग शिल्लक काढायची, एवढेच मला येते. लशीचा हिशेबही तसाच मांडून पाहू.

"नाही" म्हणणारे सगळे सारखे नसतात

आपल्या देशात कोरोनाची लस १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. प्रथम डॉक्टर, नर्स, सफाई कामगार, मग पोलीस व इतर आघाडीचे कर्मचारी. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि पंचेचाळीशीच्या पुढचे आजारी लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळीशीच्या पुढचे सर्वच, आणि १ मेपासून अठराच्या पुढचे सगळे. त्या काळात आम्ही काही कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांची नावे लिहून घेत होतो. लस न घेणाऱ्यांना "अडाणी" म्हणून मोकळे होणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. पण दारात उभे राहून दोन मिनिटे ऐकले, की लक्षात येई, प्रत्येकाच्या "नाही"मागे वेगळे कारण आहे.

घरकाम करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, मला सुईची भीती नाय. पण ताप आला आन् दोन दिवस खाडा झाला, तर मॅडम दुसरी बाई ठेवतील. मग माझ्या पोटाला कोण?" या मावशींना विज्ञान शिकवून काय उपयोग? त्यांना हवी होती दोन दिवसांच्या पगारी रजेची हमी.

नाक्यावर उभे राहणाऱ्या एका बिगारी भावाकडे साधा बटणाचा मोबाईल होता. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोविनवर मोबाईलवरून नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती. ज्याच्याकडे चांगला फोन, जलद नेट आणि इंग्रजी, त्याला जागा मिळे. चारचाकीत बसून लांबून आलेले लोक आमच्या भागातल्या केंद्रावर लस घेऊन जात आणि पलीकडच्या गल्लीतला माणूस बघत उभा राही. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करण्याची सोय झाली, तेव्हा त्याला वाट मिळाली. खासगी रुग्णालयांत कोविशील्डचा कमाल दर ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनचा १,४१० रुपये ठरला होता. पाच माणसांच्या घराने दोन-दोन डोसांसाठी हे पैसे आणायचे कुठून? अशा माणसाला "लसविरोधी" म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. तो लशीच्या विरोधात नव्हताच; लसच त्याच्यापर्यंत आली नव्हती.

तिसरा वर्ग भीतीचा. एप्रिल २०२१ मध्ये मोबाईलवर संदेश फिरला, की बायकांनी पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये. सरकारने हे खोटे असल्याचे तातडीने जाहीर केले, पण खुलासा पोचायच्या आत संदेश घरोघर पोचला होता. मूल होत नाही, ही दुसरी अफवा. नवविवाहित मुलींच्या सासवांनी या अफवेपायी सुनांना केंद्रावर पाठवले नाही. सुरुवातीच्या महिन्यांत देशात पुरुषांच्या मानाने बायकांचे लसीकरण मागे राहिले. फोन नवऱ्याच्या हातात, बाहेर जायची परवानगी सासूच्या हातात आणि वर या अफवा. मग दुसरे काय होणार?

जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका वृद्ध गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यापासून नाणी आणि चमचे चिकटतात, अशी बातमी दूरचित्रवाणीवर गाजली. लशीत लोहचुंबक भरले आहे, असे लोक बोलू लागले. घामट, गुळगुळीत कातडीवर नाणे कोणाच्याही चिकटते. अंगाला पावडर लावली की गळून पडते. ज्यांनी घरी करून पाहिले त्यांचा भ्रम गेला. ज्यांनी नुसता व्हिडिओ पुढे पाठवला, त्यांचा राहिला.

आणि चौथा वर्ग विश्वास उडालेल्यांचा. "ज्या सरकारी दवाखान्यात एरवी आम्हाला हाडतुड करतात, तेच आज एवढ्या प्रेमाने बोलावतात, याचा अर्थ काहीतरी काळंबेरं आहे," असे एका काकांनी मला तोंडावर सांगितले. त्यांचे अनुमान चुकीचे होते, पण त्यामागचा अनुभव खोटा नव्हता. या काकांशी बोलताना आधी तो अनुभव मान्य करावा लागतो, मग लशीचे बोलता येते.

ही भीती आजची नाही

लशीवरून आपल्या भागात पहिल्यांदाच वाद झाला, असे कोणी समजू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. बघता बघता साथ शहरभर पसरली. लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. इंग्रज सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला. त्या कायद्याच्या जोरावर घरांत शिरून झडती, रोग्यांना ओढून नेणे, सामान जाळणे, रेल्वे स्टेशनवर बायाबापड्यांची तपासणी असे प्रकार झाले. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची समजूत होती. कोरोनात कोविड सेंटरबद्दल आपल्या वस्त्यांत हेच शब्द आपण ऐकले नाहीत का?

याच धामधुमीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करीत होता. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. लस तयार झाल्यावर त्याने १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. टोचलेल्यांत आजार फार कमी झाला, न टोचलेल्यांत जास्त. लोकांची भीती जावी म्हणून आगाखान यांनी सर्वांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. पुढे परळला गेलेल्या त्याच प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव मिळाले.

त्याच दिवसांत पुण्यात सावित्रीबाई फुले यशवंतरावांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. रोग्यांना हात लावायला सख्खे नातेवाईक घाबरत होते, तेव्हा ही माउली त्यांना उचलून आणत होती. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांना नेले. हाफकिनने स्वतःला सुई टोचल्याला तेव्हा बरोबर दोन महिने झाले होते. लस तयार होणे आणि ती माणसापर्यंत पोचणे, या दोन गोष्टींमधल्या अंतरात किती मोलाची माणसे जातात, ते या दोन तारखा सांगतात.

मल्कोवालची बाटली

आता लशीच्या विरोधात जाणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मल्कोवाल गावी प्लेगची लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे १९ जण एकाच बाटलीतली लस टोचलेले होते. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

सरकारने हाफकिनला दोषी धरले, कामावरून दूर केले. पुढे चौकशीतून दिसून आले, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. दोष लशीचा नव्हता, हाताळणीचा होता. हाफकिनला निर्दोष ठरवायला १९०७ साल उजाडले. पण तोवर लोकांचा विश्वास डळमळला होता आणि प्लेग माणसे मारीतच होता.

यातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की "लशीने कधीच कोणाला काही होत नाही" हे वाक्य खरे नाही. ते कार्यकर्त्यांनी बोलू नये. दुसरा असा, की एक बाटली खराब निघाली म्हणून सगळी लस फेकून देणे हाही शहाणपणा नाही. काय झाले, कशामुळे झाले, हे शोधून काढायचे आणि तेवढे दुरुस्त करायचे. आजही नर्सताई तुमच्यासमोर नवी सुई फोडतात, बाटलीवरची तारीख बघतात, लस बर्फाच्या पेटीतून काढतात. हे सर्व नियम अशा चुकांतूनच आले आहेत.

सावध मात्र आपणही राहिले पाहिजे. २०२१ मध्ये मुंबईत बनावट लसीकरण शिबिरे भरवून दोन हजारांहून अधिक लोकांना फसवल्याचे उघड झाले. पैसे घेऊन भलतेच काहीतरी टोचले होते. यात लस दोषी नव्हती, भामटे दोषी होते.

जमा आणि खर्च

आता कोरोनाच्या लशीचा हिशेब. आपल्याकडे सर्वांत जास्त दिली गेलेली लस म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड. मूळ संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि अॅस्ट्राझेनेका कंपनीचे. मार्च २०२१ मध्येच युरोपात दिसून आले, की ही लस घेतलेल्या फार थोड्या लोकांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. आपल्या सरकारी समितीने १७ मे २०२१ रोजी अहवाल दिला, की भारतात अशा संशयाचे २६ रुग्ण सापडले. प्रमाण दर १० लाख डोसांमागे ०.६१. त्याच वेळी ब्रिटनमध्ये हे प्रमाण १० लाखांत ४ आणि जर्मनीत १० होते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे नोंदी नीट होत नाहीत, आपला आकडा कमी दिसणारच. ठीक आहे, मग जर्मनीचा आकडा धरू. १० लाखांत १०.

आता दुसरी बाजू. सरकारी नोंदीनुसार भारतात सुमारे साडेचार कोटी लोकांना कोरोना झाला आणि ५ लाख ३३ हजारांहून अधिक माणसे गेली. म्हणजे नोंद झालेल्या दर १० लाख रुग्णांमागे जवळजवळ १२ हजार मृत्यू. ज्यांची तपासणीच झाली नाही असे रुग्ण धरले, तर हे प्रमाण खाली येईल. पण नोंद न झालेले मृत्यूही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. आपल्या सरकारने तो मानला नाही. कोणताही आकडा घ्या आणि त्याच्यासमोर १० लाखांत १० ठेवा. शिल्लक कोणत्या बाजूला उरते, हे सांगायला बी.कॉम.ची पदवी लागत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये बातमी आली, की अॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात हा दुर्मीळ दुष्परिणाम मान्य केला. आपल्याकडे घबराट उडाली. जणू नवीनच पाप उघडकीस आले! वास्तविक ही गोष्ट २०२१ पासून जाहीर होती. हा त्रास लस घेतल्यानंतर साधारण पहिल्या चार-सहा आठवड्यांत होतो. २०२१ साली सुई घेतलेल्या माणसाने आज रात्री त्या भीतीने जागे राहण्याचे कारण नाही.

मग तरुण मुले अचानक का कोसळतात? हा प्रश्न भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घेतला. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या काळात वरवर निरोगी असलेले १८ ते ४५ वयाचे जे लोक अचानक गेले, त्यांचा अभ्यास देशातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने केला. लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच दिसला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: आधी कोरोनाने रुग्णालयात राहावे लागलेले असणे, घराण्यात कोणाचा असा अचानक मृत्यू झालेला असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू पिणे किंवा अंगाला न झेपणारी मेहनत करणे. आपल्या वस्तीतल्या तरुणांनी यातली दारूची ओळ दोनदा वाचावी.

तामीळ नट विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ रोजी लस घेतली आणि १७ एप्रिलला हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. साहजिकच लोक घाबरले. चौकशी समितीने पुढे निष्कर्ष काढला, की मृत्यूचा लशीशी संबंध नव्हता. उलट, लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू लशीच्या तीव्र अॅलर्जीने झाल्याचे सरकारी समितीनेच जून २०२१ मध्ये मान्य केले. म्हणजे जिथे संबंध आढळला तिथे तसे सांगितले गेले. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात ते याचसाठी. अशी अॅलर्जी बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि तिथल्या तिथे इंजेक्शन दिले तर माणूस वाचतो. घाई करून निघून जाऊ नये.

सक्ती की समजूत?

मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच सामान्य प्रवासी म्हणून लोकलचा पास मिळू लागला. कितीतरी लोकांनी केवळ कामावर जायला मिळावे म्हणून लस घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात असा आदेश निघाला, की किमान एक डोस घेतलेल्यांनाच रेशन आणि पेट्रोल मिळेल. लसीकरणाचा आकडा अशाने वाढतो, हे खरे. पण गरिबाच्या ताटातले धान्य अडवून केलेले आरोग्याचे काम कोणाच्या मनाला पटेल? ज्याच्याकडे गाडी आहे आणि ज्याला रेशनची गरज नाही, त्याच्यावर या आदेशाचा ताण किती आणि हातावर पोट असणाऱ्यावर किती?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात न्यायालयाने निकाल दिला. राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा जो हक्क आहे, त्यात आपल्या शरीरावरचा हक्क येतो. म्हणून कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. मात्र सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात राहून काही मर्यादा घालू शकते, असेही न्यायालयाने म्हटले. लशीमुळे झालेल्या त्रासाच्या तक्रारी लोकांना आणि खासगी डॉक्टरांना सहज नोंदवता याव्यात, अशी व्यवस्था करण्यासही सरकारला सांगितले.

हा निकाल आपण पूर्ण वाचला पाहिजे. काही लोक त्यातले अर्धेच वाक्य सांगतात, "कोर्टाने सांगितलंय, लस घ्यायची गरज नाही." कोर्टाने तसे सांगितलेले नाही. माझ्या अंगावर माझा हक्क आहे, हे न्यायालयाने सांगितले. तो हक्क नीट माहिती घेऊन वापरण्याची जबाबदारी आपली.

समजुतीने काय होते, याचे एक उदाहरण आफ्रिकेतले आहे. सोमालियात मर्का गावच्या रुग्णालयात अली माओ मालिन नावाचा तरुण स्वयंपाकी होता. देवीची लस रुग्णालयातल्या सर्वांना देत असताना त्याने दुखेल या भीतीने ती चुकवली. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याला देवी आल्या. नैसर्गिकरीत्या देवी आलेला तो जगातला शेवटचा माणूस. तो बरा झाला. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पुढे सोमालियात पोलिओचे काम सुरू झाले तेव्हा हाच मालिन घरोघर जाऊन आपली गोष्ट सांगू लागला, की सुईला भिऊन माझे काय झाले ते बघा. २०१३ साली मलेरियाने जाईपर्यंत तो हे काम करीत होता. तेव्हा आज नकार देणाऱ्याला शत्रू समजू नका. समजावणारा भेटला तर उद्या तोच कार्यकर्ता होतो.

आपल्या घरातल्या साठीच्या पुढच्या आयांच्या दंडावर "देवी काढल्याचे" गोल व्रण अजून असतील. नातवंडांना ते दाखवा. त्यांच्या अंगावर तसा व्रण का नाही, तेही सांगा. रोगच गेला म्हणून ती लस बंद झाली.

गोवंडीचा धडा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोरोनाच्या दोन वर्षांत सारी यंत्रणा त्या एका रोगामागे लागली. लोक दवाखान्यात जायला घाबरत होते. कितीतरी लेकरांच्या नेहमीच्या लसी राहून गेल्या. त्याचा परिणाम ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसला. मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. केंद्र सरकारला पथक पाठवावे लागले. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला.

ही साथ उच्चभ्रू सोसायट्यांतून सुरू झाली नाही. दहा बाय दहाच्या खोलीत जिथे सहा-सात माणसे झोपतात, तिथे ती सुरू झाली. गोवर हवेतून पसरतो. एका मुलाला झाला, की लस न घेतलेल्या बारा-पंधरा जणांना देऊ शकतो. त्याच्या विषाणूवर थेट औषध नाही. न्यूमोनिया, जुलाब, कानाचा आजार, कधी मेंदूला सूज. आधीच अशक्त असलेले मूल यात टिकत नाही. आपल्याकडे गोवर म्हणजे "येऊन जाणारा" समजून कडुनिंबाचा पाला लावून घरी ठेवतात. येऊन जातो हे बऱ्याच मुलांबाबत खरे असले, तरी काही मुलांना तो घेऊन जातो.

गोवर रोखायचा तर वस्तीतल्या १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. म्हणजे माझ्या बाळाला लस न देण्याचा निर्णय माझ्या घरापुरता राहत नाही. शेजारणीचे पाच महिन्यांचे बाळ, ज्याला वयामुळे अजून लस देता येत नाही, त्याचे रक्षण माझ्या बाळाच्या लशीवर अवलंबून असते. आणि कोरोनाची लस वेगळी, गोवराची वेगळी. एकीबद्दलचा राग दुसरीवर काढणे म्हणजे एका दुकानदाराने फसवले म्हणून घरातला दाणापाणी बंद करण्यासारखे आहे.

मग आपण काय करावे?

पहिले, लेकराचे लसीकरणाचे कार्ड रेशनकार्डाइतके जपून ठेवा. जन्मताच बीसीजी, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट व पोलिओ, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. सरकारी व पालिकेच्या केंद्रांवर या लसी फुकट आहेत. तारीख चुकली असेल तर "आता काय उपयोग" म्हणून बसू नका. कार्ड घेऊन जा, राहिलेले डोस पुढे देता येतात.

दुसरे, प्रश्न विचारा. लस कोणती, ताप आला तर काय द्यायचे, कधी दवाखान्यात आणायचे, हे नर्सताईंना विचारण्यात कमीपणा नाही. बाळाला आधी कधी लशीची अॅलर्जी झाली असेल किंवा तो सध्या जास्त आजारी असेल, तर आधी सांगा. थोडा ताप आणि टोचल्याजागी सूज हे नेहमीचे आहे. ताप उतरत नसेल, झटका आला, श्वास लागला, तर लगेच दवाखाना गाठा आणि लस घेतल्याचे आवर्जून सांगा, म्हणजे त्याची नोंद होईल.

तिसरे, बापांनी पुढे व्हावे. बाळाची लस म्हणजे आईचे काम, ही समजूत सोडा. एक दिवस अर्धी रजा काढा, बाळाला कडेवर घ्या. रात्री ताप आला म्हणून बायकोला बोल लावू नका.

चौथे, मोबाईलवरचा संदेश पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. कोणी सांगितले, कधी सांगितले, आणि आकडा दिला आहे का. तीनही नसतील तर तो तिथेच पुसून टाका.

पाचवे कार्यकर्त्यांसाठी. ज्याचा खाडा होईल त्याच्यासाठी रविवारी शिबिर मागा. ज्याला फोन वापरता येत नाही त्याची नोंदणी करून द्या. जी घाबरते तिच्याबरोबर जा आणि अर्धा तास तिच्याशेजारी बसा. ज्याचा दवाखान्यावर विश्वास नाही, त्याला तिथे मान मिळेल असे बघा. अपमान झाला तर त्याच्या बाजूने भांडा. टोमणे मारून आजवर कोणी केंद्रावर आल्याचे मी पाहिलेले नाही.

आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. त्या कामातही अफवा होत्या, दारे बंद करून घेणारी घरे होती. त्या बंद दारांवर पुन्हा पुन्हा टकटक करणाऱ्या अंगणवाडीताई आणि आशाताई आपल्यातल्याच, अपुऱ्या मानधनावर राबणाऱ्या बायका होत्या. आपल्या वयाच्या लोकांना शाळेत कुबड्या घेऊन येणारा एखादा वर्गमित्र आठवत असेल. आपल्या मुलांच्या वर्गात आज तसा मुलगा दिसत नाही. हा फरक त्या बायकांनी घडवला.

या आठवड्यात एवढेच करा: कपाटातून लेकराचे कार्ड काढा आणि शेवटची तारीख बघा. एखादा रकाना कोरा असेल, तर येत्या लसीकरणाच्या दिवशी तो भरून घ्या. शेजारच्या घरात लहान बाळ असेल तर त्या वहिनींनाही बरोबर घ्या.

जयभीम.